पवित्र पोर्टल ते वाडीवरची शाळा : कोल्हापुरात शिक्षण सेवक म्हणून लागताना

डी.एड.चं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता एक परीक्षा दिली की शाळा. त्या प्रमाणपत्रापासून जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात चप्पल काढेपर्यंत नऊ वर्षं गेली. मधली वर्षं एका खासगी इंग्रजी शाळेत सात हजारांवर काढली. त्यातल्या दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय, तो आता येत नाही हे मीही धरून चाललेय.

या नऊ वर्षांतली निदान चार माझ्या अज्ञानामुळे गेली. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. कोणता कागद कोणत्या तारखेच्या आत हवा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता दर आठवड्याला गावाकडची कुणीतरी पोरगी फोन करते, "ताई, माझं डी.एड. झालंय, पुढं काय करू?" फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं लिहून काढलंय. मी गगनबावडा तालुक्यात शिक्षण सेवक आहे, म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षं मानधनावर शिकवणारी, त्यामुळे उदाहरणं कोल्हापूरची. पवित्र पोर्टल म्हणजे राज्य शासनाची शिक्षक भरतीची वेबसाइट, तिचे नियम मात्र राज्यभर तेच.

१. आधी इयत्ता ठरवा

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतरचं डी.एड. (आताचं डी.एल.एड.) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर एक. सहावी ते आठवीला पदवी, सोबत डी.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

इथला खड्डा बी.एड.वाल्यांसाठी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता नाही, असा निकाल दिला. तरी अजून "बी.एड. करा, सगळीकडं चालतंय" असं सांगणारे भेटतात. चालत नाही. प्राथमिकच्या जागा संख्येने जास्त असतात, त्या हव्या असतील तर डी.एल.एड.ला पर्याय नाही.

वय खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. भरती दोन-दोन, पाच-पाच वर्षांनी होते, त्यामुळे पस्तिशीतल्या माणसाकडे एखादीच संधी उरते, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

२. टीईटी : एकदा पास, कायमचं पास

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, मागासवर्गीयांना ५५ टक्के. केंद्राची सीटीईटी पास असाल तरी चालतं. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षंच चालायचं, २०२१ पासून ते आजीवन झालं, आणि जुन्यांनाही त्याचा फायदा मिळाला.

पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. मुलं गणिताला घाबरतात आणि बालमानसशास्त्रात पडतात. तिथले चारही पर्याय बरोबर वाटतात. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं पेन्सिल घेऊन दोनदा वाचा. मला क्लासच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा बालभारतीची ती पातळ पुस्तकंच उपयोगी पडली.

"खासगी संस्थेत टीईटी लागत नाही" हे ऐकाल. पहिली ते आठवीला लागते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हा म्हणून सांगितलं. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पन्नाशीकडं झुकलेले गुरुजी आता दुपारच्या सुट्टीत माझ्याकडून पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या बालविकासाच्या अवस्था समजून घेतात. त्यांना हसू नका. चाळीस पोरांना वाचायला शिकवून झाल्यावर पियाजे पाठ करणं सोपं नसतं.

आणि पैसे देऊन पास करून देतो म्हणणाऱ्याला दारातच नमस्कार करा. २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरव्यवहारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांची नावं निघाली. त्यांत नोकरीला लागून पगार घेणारेही होते.

३. टेट : ही वेगळी परीक्षा आहे, खरंच वेगळी

माझी चार वर्षं खाल्ली ती इथं. टीईटी आणि टेट ही एकाच परीक्षेची दोन नावं आहेत असं मी समजत होते. टीईटी ही पात्रता. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि पवित्र पोर्टलवर तुमचा नंबर लागतो तो याच चाचणीच्या गुणांवर. डिसेंबर २०१७ मध्ये ती पहिल्यांदा झाली. "आपली टीईटी कुठं पास आहे" म्हणून मी फॉर्मच भरला नाही. पुढची टेट थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. यावरून काय ते समजा : जाहिरात आली की फॉर्म भरायचा, तयारी झाली नसली तरी.

दोनशे प्रश्न, दोनशे गुण, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. अभियोग्यतेला १२० गुण, बुद्धिमत्तेला ८०. इथंही गुण कापत नाहीत आणि पास-नापास असं काही नाही, नुसती गुणवत्ता. परीक्षा संगणकावर होते. ज्यांनी कधी संगणकावर सराव चाचणी दिलेली नाही ते पन्नास-साठ प्रश्न सोडून उठतात. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर काहीतरी टिक करा. दोन गुणांत शंभर जण असतात.

४. रिकामी जागा आणि जाहिरातीतली जागा

"आमच्या गावच्या शाळेत दोन मास्तर कमी हायत, मग भरती का निघत नाही?" हा प्रश्न मला सरपंचांनीही विचारलाय.

शाळेतला शिक्षक निवृत्त झाला की खुर्ची रिकामी होते, पण पद लगेच भरतीला येत नाही. आधी संचमान्यता होते. पटावरची मुलं, त्यांतही आधार जुळलेली मुलं, मोजून त्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट घसरला की पद जातं आणि तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग अतिरिक्तांचं समायोजन. मग बदल्या. मग बिंदुनामावली तपासून घेणं, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं ते निश्चित करणं. हे सगळं होऊन जे उरतं ते पोर्टलवर येतं, आणि तेही सगळं एका वेळी नाही.

मधल्या काळात तात्पुरते उपाय चालतात. २०२३ च्या जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर घ्यायचा निर्णय झाला. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर पंधरा हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं होतं, तो निर्णय २०२५ मध्ये मागे घेतला. कुठं गावकरी वर्गणी काढून गावातल्याच बारावी-पदवी झालेल्या पोरीला बसवतात. अशा कामाला जायला हरकत नाही, अनुभव मिळतो. पण "पुढं तुम्हाला कायम करून घेऊ" हे वाक्य कुणी तोंडी बोललं तर ते चहाबरोबर पिऊन टाका. कायम होण्याचा रस्ता पोर्टलवरूनच जातो.

याच कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आता मूल शाळेत वेळेवर येतं आणि दंड कुणाला करायचा हेच कळत नाही.

५. स्वप्रमाणपत्र भरताना

टेटचा निकाल लागल्यावर पोर्टलवर आपली सगळी माहिती भरून ती आपणच प्रमाणित करायची असते. भरती याच माहितीवर होते, कागद नंतर तपासतात. त्यामुळे चूक केली तर ती यादी लागल्यावर, नेमणुकीच्या तोंडावर उघडी पडते.

घाईत सायबर कॅफेवाल्याला भरायला सांगू नका. शेजारी बसा, मूळ गुणपत्रिका हातात धरा, टक्के स्वतः काढा. प्रवर्गाची चौकट, समांतर आरक्षणाची (महिला, प्रकल्पग्रस्त वगैरे) चौकट आणि अध्यापनाचं माध्यम हे तीन रकाने दोनदा वाचा. आपल्या जिल्ह्यात काळम्मावाडी, चांदोली, तुळशी अशा धरणांमुळे प्रकल्पग्रस्तांचे दाखले पुष्कळ घरांत आहेत. दाखला आहे म्हणून टिक करण्याआधी घरात विचारा, त्यावर काका किंवा चुलतभाऊ आधीच नोकरीला लागलाय का. एका दाखल्यावर एकालाच लाभ मिळतो. माझ्या ओळखीतल्या एकाला हे पडताळणीच्या दिवशी कळलं, आणि तोवर त्याने जुनी नोकरी सोडलेली होती.

६. प्राधान्यक्रम : इथं घाई करू नका

तुमच्या पात्रतेप्रमाणे पोर्टल जागांची यादी काढून देतं. ती तुम्हाला हव्या त्या क्रमाने लावायची आणि लॉक करायची. लॉक केलं नाही तर नुसता क्रम लावून उपयोग नाही. दरवेळी काही जण शेवटच्या रात्री सर्व्हर अडकल्याने बाहेर राहतात, तेव्हा दोन दिवस आधीच लॉक करा.

भीतीपोटी "जिथं लागेल असं वाटतं" ते वर टाकू नका. वरून खाली बघत जिथं तुमचे गुण बसतात तिथं तुमची शिफारस होते. त्यामुळे खरोखर हवं ते सर्वात वर, नको ते अजिबात नको. "नंतर आंतरजिल्हा बदली करून येऊ" असं म्हणून गडचिरोली किंवा नंदुरबार टाकणारे आपल्याकडं खूप आहेत. त्या बदलीला नियमांची आणि वर्षांची मोठी रांग आहे. जिथं दहा वर्षं राहायची तयारी आहे तेवढेच जिल्हे टाका.

जिल्हा परिषद आणि महापालिका दोन्ही दिसतील. कोल्हापूर महापालिकेच्या शाळा शहरात, त्यामुळे तिथला कटऑफ चढा असतो. पोरांना महापालिकेची शाळा म्हणजे पडकी भिंत वाटते. गुढीपाडव्याला जरगनगरच्या शाळेपुढची पालकांची रांग एकदा बघून या.

७. खासगी अनुदानित संस्था निवडणार असाल तर

मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन मार्ग असतात. जिल्हा परिषदेला मुलाखत नाही. बऱ्याच खासगी संस्थांत आहे, तिथं एका जागेसाठी अनेकांची नावं जातात आणि संस्था त्यांतून निवडते. अशा वेळी आत जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. अनुदान पूर्ण आहे की टप्प्यावर? वीस, चाळीस, साठ टक्के अनुदानावरच्या शाळेत शासनाकडून पगारही तेवढेच टक्के येतो, उरलेल्यासाठी संस्थेचं तोंड बघायचं. पद संचमान्यतेत मंजूर आहे का? आणि नेमणुकीनंतर वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडीचा (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला आपला क्रमांक) प्रस्ताव कोण, कधी पाठवणार? मान्यता आणि शालार्थ आयडी नाही तर पगार निघत नाही. नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आल्यापासून तपासणीही कडक झाली आहे, त्यामुळे एक सही राहिली तरी फाइल परत येते.

पैशांचा विषय निघाला तर उठा. जमीन विकून दिलेल्या पैशांची पावती नसते, आणि पुढं मान्यता अडकली की ते परत मागायला तोंडही नसतं.

८. कागदपत्रं, आणि माझी फजिती

यादीत नाव आलं की पडताळणीला बोलावतात. हे सगळं आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा, मूळ प्रती आणि प्रत्येकाचे तीन साक्षांकित संच :

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं. पदवीची सगळ्या वर्षांची, नुसती शेवटच्या वर्षाची नव्हे. डी.एड./बी.एड.ची दोन्ही वर्षांची. टीईटी किंवा सीटीईटी. टेटचं गुणपत्रक. पोर्टलवरच्या स्वप्रमाणपत्राची प्रिंट. शाळा सोडल्याचा दाखला. अधिवास. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. ईडब्ल्यूएस असेल तर त्याचं. समांतर आरक्षणाचा दाखला. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. संगणक प्रमाणपत्र. आधार, पॅन, आठ फोटो.

जात वैधता नसेल तर आजच अर्ज करा. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनातल्या समितीकडे आजोबा-पणजोबांचा शाळेचा पुरावा मागतात, तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून काढण्यातच महिना जातो. नॉन-क्रिमीलेअरवर आधी मुदत वाचा, तो ३१ मार्चला संपतो. जाहिरातीत ज्या तारखेला वैध हवा म्हटलंय, त्या तारखेला तो जिवंत असला पाहिजे. राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा. सेतूत "केंद्राचा काढू का राज्याचा?" विचारलं तर "राज्याचा" म्हणा. ते विचारतीलच असं नाही.

आता माझं. पडताळणीच्या हॉलमध्ये सहा टेबलं, वर एकच पंखा, आणि तो तिसऱ्या टेबलावर. मी पाचव्या टेबलासमोर. समोरचे लिपिक बोटाला थुंकी लावून एकेक कागद उलटत होते. डी.एड.पर्यंत सगळं माहेरच्या नावावर, टीईटीपासून सासरच्या. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं, "ताई, ह्या दोघी एकच कशावरून?" माझ्याकडं लग्नपत्रिका होती. खरंच, मी लग्नपत्रिका नेली होती. गणपतीचं चित्र, आमचे येथे श्रीकृपेकरून, सगळं. मागचे दोघे-तिघे हसले, लिपिक मात्र हसले नाहीत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रात नाव बदलल्याची प्रत आणा म्हणाले, आणि हमीपत्रावर मुदत दिली. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा उतारा काढला, राजपत्राची जाहिरात छापून यायला मात्र काही आठवडे लागले. तेवढे दिवस मला घास गोड लागला नाही. मुलींनो, लग्न झाल्या महिन्यात हे दोन कागद करून घ्या. किंवा नाव बदलूच नका, तेही चालतं.

९. समुपदेशन : शाळा निवडताना

जिल्हा परिषदेत नेमणूक झाली की कोणती शाळा हे समुपदेशनाने ठरतं. पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी, गुणवत्तेच्या क्रमाने नाव पुकारतात, तुम्ही उठून शाळा सांगायची. मिनिटभराचं काम.

करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागलची स्वप्नं घरीच ठेवून या. जुन्यांच्या बदल्या आधी झालेल्या असतात, उरतात त्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या. तिथल्या वाड्या आणि धनगरवाडे. यादी हातात आली की आदल्या दिवशी निदान चार शाळा गाडीवरून बघून या. पाट्यांवर सगळीकडं 'विद्या मंदिर' असतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, वाडीचं नाव नीट विचारा.

मी बघितलं ते असं. पहिलं, तिथं दुसरा शिक्षक आहे का. अंतराच्या आधी हे. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, बैठका सगळं एकट्यावर, आणि तुम्ही आजारी पडलात तर शाळाच आजारी. माझ्यापुढं एक शाळा गगनबावडा रस्त्यालगत होती, पण एकशिक्षकी. दुसरी आत सात किलोमीटर, पण दोन शिक्षक. मी आतली घेतली. तिथल्या मॅडमनी पहिल्या सहा महिन्यांत जे शिकवलं ते डी.एड.च्या दोन वर्षांत नव्हतं.

दुसरं, पावसात रस्ता. गगनबावड्याचा पाऊस करवीरच्या माणसाला सांगून कळत नाही. कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येतं आणि कोल्हापूरचा संबंध तुटतो. रोज येऊन-जाऊन करणार म्हणणारे जुलैच्या पहिल्या आठवड्यात खोली शोधायला लागतात. तिसरं, पट. दहाच्या आतला पट असेल तर पुढच्या संचमान्यतेत त्या शाळेचं आणि तुमचं काय होईल हा विचार करून ठेवा. चंदगडच्या बाबतीत आणखी एक : तिथून कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. बाजार, दवाखाना सगळं तिकडचं धरून चाला.

१०. रुजू होताना

वैद्यकीय प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांचं, म्हणजे आपल्याकडं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून. सकाळी लवकर जा, उपाशी पोटी जा, एक दिवस पूर्ण धरा. चारित्र्य पडताळणीचा अर्जही त्याच आठवड्यात.

आदेशात रुजू व्हायची मुदत असते. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हजर व्हायचं, मग शाळेत. हजर अहवालावर तारखेपुढं 'म.पू.' लिहिलंय का बघा, मध्यान्हपूर्व. शिक्षण सेवकाची तीन वर्षं याच तारखेपासून मोजतात. त्याची पोचशिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा.

आणि चार्ज. दुसरे शिक्षक बदलून गेले की नवख्याच्या गळ्यात प्रभारी मुख्याध्यापकपद पडतं. चार्ज यादीवर सही करण्याआधी वस्तू मोजा. खुर्च्या, टॅब, ग्रंथालयाची पुस्तकं, आणि सगळ्यात आधी तांदूळ. पोषण आहाराचा हिशेब पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीला दीडशे. रजिस्टरला १४० किलो आणि पोत्यात ११० असेल, तर सही केल्या क्षणी ते तीस किलो तुम्ही खाल्लेले असतात. आमच्या मॅडमनी मला वजनकाटा घेऊन खोलीत बसवलं होतं. एकेक पोतं. शेवटच्या पोत्यात उंदरानं बीळ केलेलं निघालं, आणि आम्ही त्याचाही पंचनामा केला.

११. सोळा हजारांचा महिना

शिक्षण सेवकाला तीन वर्षं पगार नसतो, मानधन असतं. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. त्याआधी सहा, आठ आणि नऊ हजार होतं, त्यामुळे जुने शिक्षक "तुमचं बरं हाय बाई" म्हणतात, आणि त्यांचंही खरंच आहे. पुरुषांचा व्यवसाय कर महिना दोनशे कापतात, फेब्रुवारीत तीनशे. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत तो माफ आहे. महागाई भत्ता, घरभाडे नाही.

पहिलं मानधन पहिल्या महिन्यात येत नाही. बिलात नाव चढणं, तरतूद येणं यात दोन-तीन महिने सहज जातात. माझं तिसऱ्या महिन्यात एकदम आलं. तेव्हा निदान पन्नास हजार हाताशी ठेवून निघा, नाहीतर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझा हिशेब सांगते : खोली दोन हजार, गॅस-किराणा साडेतीन, पेट्रोल अडीच, फोन-इंटरनेट पाचशे, घरी पाच हजार, आणि वर्गासाठी खडू-कागद-रंग म्हणून चार-पाचशे जे कुणी मागत नाही पण जातातच. उरतं ते दोन हजार. पतसंस्थेवाले पहिल्या वर्षीच कर्जाचा फॉर्म घेऊन येतात. "कायम झाल्यावर बघू" म्हणा.

तीन वर्षं झाली की प्राथमिक शिक्षक एस-१० वेतनस्तरात जातो, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२००, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाला एस-१४, म्हणजे ३८,६००. पुढं बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, प्रशिक्षण केलं असेल तर. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून राष्ट्रीय पेन्शनचं खातं नियमित झाल्याबरोबर उघडून घ्या. कपात उशिरा सुरू झाली तर तेवढ्या महिन्यांचा शासनाचा हिस्साही हातचा जातो.

१२. तीन वर्षांची फाइल

नियमित वेतनश्रेणी आपोआप लागत नाही, प्रस्ताव जातो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा : नेमणूक आदेश, हजर अहवाल, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी, सगळ्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीची पत्रं, जात वैधता, दरवर्षीचा कामाचा अहवाल, रजेचा हिशेब. विद्यापीठाकडून किंवा परीक्षा परिषदेकडून पडताळणीचं पत्र यायला उशीर होतो आणि ते आलं नाही म्हणून प्रस्ताव थांबतो. सहा महिन्यांत आलं नाही तर स्वतः चौकशी करा. बिनपगारी रजा टाळा, तीन वर्षांची तारीख तेवढी पुढं सरकू शकते. आणि सेवा पुस्तक वर्षातून एकदा मागून बघा, नोंद राहिली असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या, तोंडी सांगू नका.

माझी तीन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत. फाइल शाळेच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, पावसाळ्यात खालच्या खणात पाणी येतं म्हणून. त्यात अजून एक पत्र कमी आहे, डी.एड.च्या गुणपत्रिकेच्या पडताळणीचं. दोनदा अर्ज केलाय. दिवाळीच्या सुट्टीत तिसरा अर्ज घेऊन स्वतः जाणार आहे, पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही.